उच्च प्रकाशव्याप्तीची छायाचित्रे : संगणकीय निर्मितीप्रक्रिया आणि वास्तू-दस्तऐवजीकरणातील तिचे स्थान

सारांश

डोळ्यांना दिसणारा उजेड-अंधार एकाच छायाचित्रात जसाच्या तसा उतरत नाही, हा छायाचित्रणाच्या आरंभापासूनचा अनुभव आहे. एकाच दृश्याची भिन्न प्रकाशनकालांची अनेक चित्रे घेऊन ती संगणकाच्या साहाय्याने एकत्र करण्याची 'हाय डायनॅमिक रेंज' अर्थात एचडीआर पद्धती ही या अडचणीवरील एक शास्त्रीय तोड होय. प्रस्तुत लेखात या पद्धतीमागील तत्त्व, तिचा पूर्वेतिहास, चित्रीकरणापासून अंतिम चित्रापर्यंतचे टप्पे आणि त्यांत संभवणारे दोष यांचे विवेचन केले आहे. विवेचनासाठी कार्ले येथील चैत्यगृहाचे उदाहरण घेतले असून, अशा चित्राला वास्तूचा पुरावा म्हणून कितपत स्वीकारावे, या प्रश्नाचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : प्रकाशव्याप्ती, प्रकाशन, स्टॉप, टोन मॅपिंग, शैलगृहे, दस्तऐवजीकरण.

१. प्रस्तावना

लोणावळ्यानजीकच्या कार्ले येथील चैत्यगृह हे भारतातील सर्वांत मोठे शैलकृत चैत्यगृह मानले जाते. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने ते पूर्ण केल्याचे आणि ते जंबुद्वीपात उत्तम असल्याचे तेथील शिलालेख सांगतो. सुमारे ३८ मीटर लांबीच्या या दालनात दोन्ही बाजूंना प्रत्येकी १५ शिल्पांकित स्तंभ आणि स्तूपामागे ७ साधे अष्टकोनी स्तंभ आहेत. छताला प्राचीन लाकडी कमानी आहेत आणि स्तूपावर लाकडी छत्र आहे. प्रवेशद्वारावरील भव्य अश्वनालाकृती गवाक्ष हा या दालनाचा प्रमुख प्रकाशस्रोत होय.

या दालनाच्या आतून गवाक्षाकडे कॅमेरा रोखणाऱ्या प्रत्येकासमोर एकच पेच उभा राहतो. गवाक्षाची लाकडी जाळी स्पष्ट यावी असे प्रकाशन ठेवले, तर स्तंभशीर्षांवरील गजारूढ युगुले काळोखात बुडतात. युगुले उजळावीत असे प्रकाशन ठेवले, तर गवाक्षाच्या जागी केवळ पांढरा डाग उरतो. वास्तविक त्याच जागी उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही गोष्टी दिसत असतात. अडचण दृश्याची नाही, ते ग्रहण करणाऱ्या साधनाची आहे.

फ्लॅशचा उपाय येथे उपयोगी पडत नाही. बिंदुवत प्रकाशस्रोताची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे ३ मीटरवरील स्तंभाला जेवढा प्रकाश मिळेल, त्याच्या केवळ एकशतांश प्रकाश ३० मीटरवरील पृष्ठभागाला मिळतो. शिवाय अजिंठ्यासारख्या ठिकाणी भित्तिचित्रांच्या रक्षणासाठी फ्लॅशला बंदीच आहे. म्हणून दृश्यात मुळात असलेला प्रकाशच अधिक काटेकोरपणे नोंदवण्याचा मार्ग शोधावा लागतो. एचडीआर हा तसा मार्ग आहे.

२. प्रकाशव्याप्ती म्हणजे काय?

एखाद्या दृश्यातील सर्वांत तेजस्वी आणि सर्वांत अंधाऱ्या भागांच्या दीप्तीचे गुणोत्तर म्हणजे त्या दृश्याची प्रकाशव्याप्ती. छायाचित्रकार ती 'स्टॉप' या एककात मोजतात. एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट किंवा निमपट. त्यामुळे १० स्टॉप म्हणजे १,०२४ : १, १४ स्टॉप म्हणजे १६,३८४ : १ आणि २० स्टॉप म्हणजे दहा लाखांहून अधिक : १ असे गुणोत्तर होते. ताऱ्यांच्या उजेडातील पृष्ठभागाची दीप्ती दर चौरस मीटरला एक सहस्रांश कँडेला या श्रेणीत, दिव्याच्या उजेडातील खोलीची शंभराच्या श्रेणीत, तर कडक उन्हातील पृष्ठभागाची लाखाच्या श्रेणीत असते. निसर्गात वावरताना माणसाला या साऱ्या श्रेणींशी जुळवून घ्यावे लागते.

हे जुळवून घेणे केवळ बाहुलीच्या आकुंचन-प्रसरणाने होते, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात बाहुलीचा व्यास साधारणतः २ ते ८ मिलिमीटर एवढाच बदलतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने हा फरक १६ पट, म्हणजे अवघा ४ स्टॉप भरतो. उरलेले बहुतांश कार्य दृष्टिपटलावरील पेशींचे आणि मज्जासंस्थेचे आहे. याखेरीज डोळा दृश्याकडे एकटक पाहत नाही. तो गवाक्षावरून स्तंभावर, स्तंभावरून छताकडे फिरत राहतो आणि प्रत्येक ठिकाणी नव्याने समायोजन करतो. या अनेक दृष्टिक्षेपांतून मेंदू एक सलग अनुभव उभा करतो. अनेक प्रकाशनांची चित्रे जोडण्याच्या कल्पनेशी या प्रक्रियेचे दूरचे साम्य आहे.

कॅमेऱ्याच्या संवेदकाला असे स्थानिक समायोजन करता येत नाही. प्रत्येक पिक्सेल ठरावीक मर्यादेपर्यंतच विद्युत्भार साठवतो. ती मर्यादा ओलांडली की पिक्सेल संपृक्त होतो आणि त्यापुढील सर्व प्रकाश 'पांढरा' या एकाच नोंदीत जमा होतो. दुसऱ्या टोकाला, प्रकाश फार कमी असल्यास विद्युत्मंडलातील अनिष्ट चढउतार म्हणजे 'नॉइज' मूळ संकेतावर मात करतो. आजचे उत्तम संवेदक कमी आयएसओवर सुमारे १४ स्टॉपची व्याप्ती ग्रहण करू शकतात. तथापि अंतिम चित्र ज्या कागदावर छापले जाते, त्याची शुभ्र आणि कृष्ण यांतील क्षमता साधारण शंभरास एक एवढीच असते. म्हणजेच प्रश्न दुहेरी आहे : विस्तृत व्याप्ती ग्रहण कशी करावी, आणि ती संकुचित माध्यमात कशी बसवावी? एचडीआरच्या प्रक्रियेचे दोन मुख्य टप्पे या दोन प्रश्नांना अनुसरूनच पडतात.

३. पूर्वेतिहास

ही समस्या संगणकापेक्षा बरीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातील कोलोडियन काचपट्ट्या निळ्या प्रकाशाला अतिसंवेदनशील असल्याने समुद्राच्या चित्रांतील आकाश कोरे पांढरे येत असे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५७ च्या सुमारास सेत येथील समुद्रलाटांच्या चित्रासाठी पाण्याची एक आणि आकाशाची दुसरी अशा दोन निगेटिव्ह क्षितिजरेषेवर जोडून छापल्या. १८९० मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी प्रकाशन आणि निगेटिव्हचा काळेपणा यांतील संबंध दाखवणारा वक्र मांडला आणि फिल्मच्या वर्तनाला गणिती पाया मिळाला. पुढे अँसेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांनी १९४० च्या आसपास विकसित केलेल्या 'झोन सिस्टिम'ने दृश्यातील कोणता भाग कागदावर कोणत्या छटेत उतरवायचा, हे चित्र घेण्यापूर्वीच ठरवण्याची शिस्त घालून दिली. चार्ल्स वायकॉफ यांनी तर अणुस्फोटांच्या चित्रीकरणासाठी भिन्न संवेदनशीलतेचे तीन थर असलेली विशेष फिल्म तयार केली.

संगणकीय पद्धतीचा पाया १९८० नंतरच्या दोन दशकांत घातला गेला. ग्रेग वॉर्ड यांनी प्रकाशयोजनेच्या अभ्यासासाठी 'रेडिअन्स' ही आज्ञावली विकसित केली आणि तिच्यासाठी विस्तृत व्याप्ती साठवणारा फाइल-प्रकार सिद्ध केला. १९९५ मध्ये स्टीव्ह मान आणि रोझलिंड पिकार्ड यांनी भिन्न प्रकाशनांची चित्रे एकत्र करण्याची पद्धत मांडली. १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांचा या विषयावरील सुप्रसिद्ध शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातील उदाहरणही एका अंधाऱ्या प्रार्थनास्थळाचेच होते, हे येथे लक्षणीय आहे. रंगीत काचांच्या खिडक्यांमागे सूर्य असलेल्या चर्चची १६ चित्रे, ३० सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंत एकेका स्टॉपच्या अंतराने घेऊन, त्यांनी दृश्यातील सापेक्ष दीप्तीचा नकाशा तयार केला. २००५ मध्ये फोटोशॉप सीएस२ मध्ये ही सुविधा समाविष्ट झाली. फोटोमॅटिक्ससारख्या स्वतंत्र आज्ञावलीही याच दशकात प्रचारात आल्या आणि ही पद्धती प्रयोगशाळेतून सामान्य छायाचित्रकाराच्या टेबलावर आली.

४. चित्रीकरण

संगणकीय प्रक्रियेचे यश मूळ चित्रांच्या शिस्तीवर अवलंबून असते. सर्व चित्रांत प्रकाशनकाल सोडून अन्य कोणतीही गोष्ट बदलता कामा नये, हा येथील मूलभूत नियम आहे. छिद्र अर्थात अ‍ॅपर्चर बदलल्यास प्रकाश कमीजास्त होतो हे खरे. परंतु त्याबरोबर स्पष्टतेची खोली आणि चित्राच्या कडांवरील काळवंडही बदलते. मग एकाच स्तंभाच्या एका चित्रातील रेखीव आणि दुसऱ्या चित्रातील धूसर अशा दोन प्रतिमा जोडाव्या लागतात. म्हणून छिद्र, आयएसओ, श्वेतसंतुलन आणि फोकस ही चारही मूल्ये हस्तचालित पद्धतीने निश्चित करून केवळ शटरचा वेग बदलावा.

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवावा आणि बटण दाबताना बसणारा हादरा टाळण्यासाठी केबल रिलीज किंवा सेल्फ टायमर वापरावा. संरक्षित स्मारकांत ट्रायपॉडसाठी पूर्वपरवानगीची आवश्यकता असल्याने तिची तजवीज आधीच करावी. चित्रे शक्यतो 'रॉ' स्वरूपात घ्यावीत. जेपेग चित्रात प्रत्येक रंगासाठी केवळ २५६ पायऱ्या असतात आणि कॅमेऱ्याने त्यांवर आधीच संस्कार केलेले असतात. रॉ चित्रातील आकडे मात्र संवेदकावर पडलेल्या प्रकाशाच्या प्रमाणात असतात.

चित्रांची संख्या किती असावी, याचे उत्तर हिस्टोग्राम देतो. सर्वांत कमी प्रकाशनाच्या चित्रात गवाक्षाचा कोणताही महत्त्वाचा भाग उजव्या टोकाला आपटता कामा नये. सर्वांत अधिक प्रकाशनाच्या चित्रात छताच्या कमानींमधील अंधारा भाग हिस्टोग्रामच्या मध्याजवळ आलेला असावा. या दोन टोकांमधील अंतर दोन-दोन स्टॉपच्या पायऱ्यांनी भरून काढणे रॉ चित्रांसाठी सामान्यतः पुरेसे ठरते. गवाक्षापलीकडे स्वतः सूर्य दिसत असल्यास मात्र पायऱ्यांची संख्या बरीच वाढते.

५. एकत्रीकरण

एकत्रीकरणामागील तत्त्व त्रैराशिकाइतके सोपे आहे. संवेदकाची नोंद ही दीप्ती आणि प्रकाशनकाल यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. म्हणून नोंदीला प्रकाशनकालाने भागले की सापेक्ष दीप्ती मिळते. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, ० ते ४०९५ अशी नोंद देणाऱ्या कॅमेऱ्याने १/१६, १/६४ आणि १/२५६ सेकंद अशी तीन चित्रे घेतली. स्तंभावरील एका बिंदूची नोंद अनुक्रमे १६००, ४०० आणि १०० आली. त्यांना अनुक्रमे १६, ६४ आणि २५६ ने गुणल्यास तिन्ही ठिकाणी २५,६०० हाच आकडा येतो. तिन्ही चित्रे एकाच सत्याची साक्ष देत आहेत. गवाक्षाचा बिंदू पहिल्या दोन चित्रांत संपृक्त, म्हणजे ४०९५ आहे. या साक्षी निरुपयोगी आहेत. तिसऱ्या चित्रातील ३००० ही नोंद मात्र ग्राह्य असून तीवरून दीप्ती ७,६८,००० मिळते. छताच्या अंधाऱ्या कोपऱ्याची नोंद ३२, ८ आणि २ अशी आहे. पहिल्या चित्रावरून त्याची दीप्ती ५१२ ठरते. गवाक्ष आणि कोपरा यांचे गुणोत्तर १५०० : १ आहे.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. १५०० : १ हे गुणोत्तर ४०९५ पायऱ्यांच्या एकाच चित्रात मावत नाही काय? कागदोपत्री ते मावते. परंतु तिसऱ्या चित्रात कोपऱ्याच्या वाट्याला केवळ २ हा आकडा आला आहे. त्यापुढची पायरी ३ ची, म्हणजे एकदम दीडपट दीप्तीची आहे. या दोहोंमधील सर्व छटा नष्ट झाल्या आहेत आणि उरलेल्या आकड्यांवरही नॉइजचे सावट आहे. पहिल्या चित्रात त्याच कोपऱ्यावर १६ पट प्रकाश साठल्याने तेथील नोंद ३२ आहे आणि छटांना वाव आहे. एचडीआरचा खरा लाभ हा असा अंधाऱ्या भागातील माहितीच्या शुद्धतेत आहे.

आज्ञावली हे गणित प्रत्येक पिक्सेलसाठी करते आणि ग्राह्य नोंदींची भारित सरासरी काढते. संपृक्त नोंदींना शून्य भार, अतिक्षीण नोंदींना अल्प भार आणि सुस्पष्ट नोंदींना अधिक भार दिला जातो. कॅमेऱ्याच्या चकतीवर १/१५, १/६०, १/२५० असे गोळाबेरीज आकडे छापलेले असले, तरी एकेका स्टॉपच्या शिस्तीने प्रत्यक्ष काल १/१६, १/६४, १/२५६ सेकंदांच्या जवळ असतात. गणितात हा बारकावा विचारात घ्यावा लागतो. जेपेग चित्रांच्या बाबतीत नोंद प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसल्याने प्रथम कॅमेऱ्याचा प्रतिसाद-वक्र शोधावा लागतो. डेबेवेक आणि मलिक यांच्या पद्धतीत हा वक्र त्या चित्रमालिकेवरूनच काढला जातो.

याच टप्प्यावर आणखी दोन कामे होतात. पहिले, चित्रांची जुळणी. ट्रायपॉड असूनही काही पिक्सेलांचे विचलन संभवते. आज्ञावली ते शोधून चित्रे एकमेकांवर अचूक बसवते. दुसरे, 'भुतां'चे निवारण. एका चित्रात असलेला आणि दुसऱ्यात पुढे सरकलेला यात्रेकरू एकत्रित चित्रात अर्धपारदर्शक आकृती म्हणून उरतो. चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा देवीचे मंदिर असल्याने कार्ल्याला भाविकांची वर्दळ मोठी असते. अशा हलत्या भागांसाठी आज्ञावली सरासरी न काढता एकाच चित्रातील नोंद ग्राह्य धरते. तथापि ही दुरुस्ती नेहमी निर्दोष असतेच असे नाही. वर्दळ नसलेली वेळ निवडणे हाच उत्तम उपाय.

६. साठवण

एकत्रीकरणातून मिळालेल्या आकड्यांची व्याप्ती सामान्य चित्र-फाइलमध्ये मावत नाही. त्यासाठी अपूर्णांकी घातांक-पद्धतीने आकडे साठवणारे विशेष प्रकार वापरले जातात. वॉर्ड यांच्या रेडिअन्स प्रकारात तीन रंगांसाठी प्रत्येकी ८ बिट आणि तिघांसाठी मिळून ८ बिटांचा एक सामायिक घातांक अशी ३२ बिटांची योजना आहे. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या चित्रपट-तंत्रसंस्थेने २००३ मध्ये सर्वांसाठी खुल्या केलेल्या ओपन-ईएक्सआर प्रकारात प्रत्येक रंगासाठी १६ बिटांचा अपूर्णांकी आकडा वापरता येतो आणि सुमारे ३० स्टॉपची व्याप्ती पूर्ण सूक्ष्मतेने साठते.

ही फाइल म्हणजे रूढ अर्थाने चित्र नव्हे. तो दीप्तीचा नकाशा होय. मात्र त्यातील आकडे सापेक्ष असतात. दृश्यातील एखाद्या पृष्ठभागाची दीप्ती त्याच वेळी दीप्तिमापकाने मोजून ठेवल्यास संपूर्ण नकाशाला निरपेक्ष एकक देता येते. वास्तूच्या अंतर्भागातील प्रकाशवितरणाचा अभ्यास करणाऱ्यांना याचा उपयोग होतो.

७. टोन मॅपिंग

दीप्तीचा नकाशा सामान्य पडद्यावर किंवा कागदावर पूर्णपणे दाखवता येत नाही. विस्तृत व्याप्तीला अरुंद माध्यमात बसवण्याच्या क्रियेस टोन मॅपिंग म्हणतात. सर्व आकडे सरळ प्रमाणात कमी केल्यास अंधारे भाग पुन्हा काळेच राहतात. म्हणून तेजस्वी भाग अधिक आणि अंधारे भाग कमी दाबणारे सूत्र लागते.

राइनहार्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सुचवलेले सूत्र यासाठी उदाहरणादाखल घेता येईल. त्यात प्रथम दृश्याच्या सरासरी दीप्तीनुसार सर्व आकडे एका सोयीच्या पातळीवर आणले जातात. नंतर प्रत्येक दीप्तीला 'एक अधिक ती दीप्ती' या संख्येने भागले जाते. त्यामुळे ०.०१ ही दीप्ती जवळजवळ तशीच राहते. १ चे ०.५ होतात, १० चे ०.९१ आणि १०० चे ०.९९ होतात. दीप्ती कितीही मोठी असली तरी उत्तर १ च्या पलीकडे जात नाही. गवाक्ष उजळ राहते, पण कोरे होत नाही.

संपूर्ण चित्राला एकच सूत्र लावणाऱ्या या प्रकारास व्यापक पद्धती म्हणतात. तिच्यात दीप्तींचा क्रम अबाधित राहतो : मुळात अधिक उजळ असलेली वस्तू चित्रातही अधिक उजळच राहते. मात्र तेजस्वी भागांतील बारीक छटा दबून चित्र काहीसे सपाट होते. यावर उपाय म्हणून स्थानिक पद्धती विकसित झाल्या. ड्युरांड आणि डॉर्सी यांच्या २००२ मधील पद्धतीत चित्राचे दोन थर केले जातात. पहिल्यात प्रकाशाचे ढोबळ चढउतार आणि दुसऱ्यात पोताचे बारकावे असतात. केवळ पहिला थर दाबून दुसरा तसाच ठेवला जातो. अशा पद्धतीने स्तंभावरील छिन्नीच्या खुणा आणि गवाक्षाची जाळी दोन्ही एकाच चित्रात सुस्पष्ट येतात. पण मग अंधाऱ्या भागातील एखादा दगड उजेडातील दगडापेक्षा अधिक उजळ दिसण्याची शक्यताही निर्माण होते.

८. एक्स्पोजर फ्यूजन आणि उपलब्ध आज्ञावली

मर्टेन्स, काउत्झ आणि व्हॅन रीथ यांनी २००७ मध्ये मांडलेली 'एक्स्पोजर फ्यूजन' ही पद्धत दीप्तीचा नकाशा न काढताच थेट अंतिम चित्र देते. प्रत्येक जागी कोणत्या चित्रातील भाग अधिक रेखीव, अधिक रंगसमृद्ध आणि अधिक सुप्रकाशित आहे, हे तपासून त्या भागांची मिसळ केली जाते. परिणाम सामान्यतः नैसर्गिक दिसतो आणि प्रकाशनकालाची माहितीही लागत नाही. परंतु यातून मोजमापाची कोणतीही नोंद मागे राहत नाही. पुस्तकातील चित्रासाठी ही पद्धत सोयीची आहे. प्रकाशाच्या अभ्यासासाठी ती अपुरी आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने समाधानाची बाब अशी की, या कामासाठी महागड्या आज्ञावली अपरिहार्य नाहीत. पूर्वी क्यूटीपीएफएसजीयूआय या नावाने ओळखली जाणारी ल्युमिनन्स एचडीआर ही मुक्त आज्ञावली एकत्रीकरण आणि अनेक प्रकारचे टोन मॅपिंग करते. चित्रे जुळवण्यासाठी ह्युगिन आणि फ्यूजनसाठी एनफ्यूज या आज्ञावलीही विनामूल्य मिळतात. व्यावसायिक आज्ञावलींत फोटोशॉप आणि फोटोमॅटिक्स यांखेरीज लाइटरूममध्येही २०१५ पासून रॉ चित्रे थेट जोडण्याची सोय आहे.

९. संभाव्य दोष

२००५ नंतरच्या काही वर्षांत या पद्धतीच्या अतिरेकाची एक लाटच आली. तिच्यातील दोष आज सहज ओळखता येतात. पहिला दोष प्रभावलयाचा. स्थानिक समायोजनाची त्रिज्या चुकल्यास गडद कमान आणि उजळ आकाश यांच्या सीमेवर एक कृत्रिम उजळ पट्टा दिसतो. दुसरा दोष अतिरंजित रंगांचा. दीप्ती दाबताना रंगांची तीव्रता तशीच राहिल्यास काळसर बेसॉल्ट निळसर किंवा नारिंगी भासू लागतो. तिसरा दोष नॉइजचा. सर्वांत अंधाऱ्या भागासाठी पुरेसे दीर्घ प्रकाशन घेतलेले नसताना तो भाग ओढून उजळल्यास दगडावर नसलेला दाणेदार पोत दिसतो. चौथा आणि सर्वांत मूलगामी दोष सावल्यांच्या लोपाचा. उठावाच्या शिल्पाची खोली सावलीवरून कळते. सर्वत्र सारखा उजेड झाला की शिल्प चित्रासारखे सपाट भासते.

१०. नोंद की निवेदन?

या शेवटच्या दोषाचा संबंध तंत्राइतकाच अर्थाशी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात प्रकाश हा आयत्या वेळी लाभलेला घटक नाही. एकाच मोठ्या गवाक्षातून येणारा उजेड दालनाच्या लांबीतून आत जातो आणि पार्श्वमार्ग अंधारात राहतात, अशीच तेथील रचना आहे. मधला प्रकाशित मार्ग आणि स्तंभांआडचा काळोख यांतील फरकामुळे स्तूपाकडे जाणाऱ्याची दृष्टी आपोआप पुढे खेचली जाते. ज्या चित्रात पार्श्वमार्ग आणि मध्यभाग सारखेच उजळ दिसतात, त्या चित्रात प्रत्येक स्तंभ दिसतो. परंतु चैत्यगृह दिसत नाही. असे चित्र पाहून एखाद्या विद्यार्थ्याने दालनाच्या प्रकाशयोजनेविषयी निष्कर्ष काढल्यास तो निष्कर्ष मुळातच चुकीचा ठरेल.

याचा अर्थ ही पद्धत त्याज्य आहे, असा नव्हे. एकेरी चित्रही तटस्थ नसते. गवाक्ष पांढरे आणि कोपरे काळे दाखवणारे चित्र वास्तूबद्दल तेवढेच अपुरे सांगते. फरक ओळखायचा तो प्रक्रियेच्या दोन टप्प्यांतील. एकत्रीकरणातून मिळणारा दीप्तीचा नकाशा ही नोंद आहे. योग्य काळजी घेतल्यास ती पुन्हा तपासता येते आणि दुसऱ्या अभ्यासकालाही तेच आकडे मिळू शकतात. टोन मॅपिंगमधून मिळणारे चित्र हे निवेदन आहे. त्यात काय उजळायचे आणि काय अंधारात ठेवायचे, याचा निर्णय माणसाने किंवा आज्ञावलीच्या रचनाकाराने घेतलेला असतो. एकाच नोंदीतून शिल्पाच्या अभ्यासासाठी एक, लाकडी कमानींच्या अवस्थेसाठी दुसरे आणि दालनाच्या वातावरणासाठी तिसरे निवेदन करता येते. ही तिन्ही प्रामाणिक असू शकतात. अट एवढीच की, ती कशासाठी आणि कशी केली, हे सांगितलेले असावे.

त्या दृष्टीने दस्तऐवजीकरणात पुढील शिस्त पाळणे इष्ट ठरते. मूळ रॉ चित्रे न बदलता जतन करावीत. एकत्रित नकाशा खुल्या प्रकारच्या फाइलमध्ये ठेवावा. चित्रीकरणाची तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे स्थान आणि सर्व प्रकाशनकाल नोंदवावेत. चौकटीत रंगपट्टी आणि करडी पट्टी असलेले किमान एक चित्र घ्यावे. प्रकाशित चित्राखाली वापरलेली आज्ञावली आणि टोन मॅपिंगचा प्रकार नमूद करावा. शक्य असेल तेथे त्याच स्थानावरून घेतलेले एकेरी प्रकाशनाचे चित्रही शेजारी द्यावे.

ही शिस्त आज अधिकच निकडीची झाली आहे. २०१० मध्ये आयफोनमध्ये एचडीआरची सुविधा आली. गूगलने २०१३ मध्ये नेक्सस ५ सोबत आणलेल्या एचडीआर-प्लस पद्धतीत भिन्न प्रकाशनांऐवजी सारख्याच अल्प प्रकाशनाची अनेक चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढली जाते. यादृच्छिक नॉइज चित्रसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटत असल्याने ९ चित्रांच्या सरासरीत तो एकतृतीयांश होतो आणि सावल्या उजळणे शक्य होते. आता बहुतेक मोबाइल दूरध्वनी हे सर्व न विचारताच करतात. त्यामुळे लेणी पाहायला गेलेल्या विद्यार्थ्याच्या हाती येणारे चित्र बहुधा आधीच एक निवेदन असते, आणि त्यामागची नोंद बहुतेक वेळा जतनही होत नाही.

११. समारोप

उच्च प्रकाशव्याप्तीचे छायाचित्रण म्हणजे चित्र आकर्षक करण्याची युक्ती नसून प्रकाश मोजण्याची आणि ते मोजमाप माणसाला दिसेल अशा स्वरूपात मांडण्याची पद्धत आहे, हे वरील विवेचनावरून स्पष्ट होते. तिचा पहिला भाग गणिताचा आहे आणि तेथे मतभेदास फारसा वाव नाही. दुसरा भाग निवडीचा आहे आणि तेथे वास्तूची जाण असल्याशिवाय केवळ आज्ञावलीवर विसंबून चालत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातील लाकूड सुमारे दोन हजार वर्षे टिकले आहे. ते पुढेही तसेच राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. आज घेतलेल्या नोंदी उद्या एकमेव साक्ष ठरण्याची शक्यता लक्षात घेता, त्या साक्षीत काय मोजलेले आहे आणि काय मांडलेले आहे, हे वेगळे ओळखता येणे आवश्यक आहे. छायाचित्रण शिकवणाऱ्या आणि इतिहास शिकवणाऱ्या विभागांनी या कामी एकत्र येऊन आपल्या परिसरातील एखाद्या तरी लेण्याची किंवा मंदिराची अशी शिस्तबद्ध नोंद सिद्ध केल्यास, ती पुढील पिढीतील अभ्यासकांना निश्चितच उपयुक्त ठरेल.